भरल्याला वाट

बाबांच्या डाव्या मनगटात मी चौदा रबरबँड चढवले. दर तीन किलोमीटरला चार घोट पाणी, आणि घोट झाले की एक रबरबँड डाव्या हातातून उजव्या हातात. बेचाळीस किलोमीटरला चौदा. ही युक्ती मी नागावच्या किनाऱ्यावर दोन महिने तपासून पाहिली होती. बाबांना तहान नीट लागते, पण प्यायल्याचं लक्षात राहत नाही. पाच-सहा तास घाम गाळणारा माणूस नुसतं पाणी पीत राहिला तर रक्तातलं मीठ पातळ होतं. तो आधी गोंधळतो, मग कोसळतो. बाबा आधीच गोंधळलेले असतात. पहिली पायरी मला ओळखूच आली नसती.

"ह्या बांगड्या कशाला?" बाबांनी विचारलं. पहाटेचे चार वाजले होते आणि आम्ही भायखळ्याला माझ्या मैत्रिणीच्या, सोनलच्या घरी होतो.

"पाण्याचा हिशोब."

"तू मास्तरीण झालीस ना, बाय, तवापासून सगल्याचा हिशोब," ते म्हणाले, आणि हात पुढे करून बसून राहिले.

बाबांनी तीस वर्षं धरमतरच्या खाडीवर मिठागरात काम केलं. मग एका पावसाळ्यात बाहेरच्या बांधाला खांड पडली, भरतीचं पाणी आत शिरलं आणि मालकाने बांध पुन्हा घातला नाही. मिठागर गेल्यावर बाबा पेणजवळच्या एका कंपनीत वॉचमन झाले. त्या कंपनीने एका वर्षी हौसेने दहा कामगारांची नावं मुंबईच्या मॅरेथॉनला दिली. नऊ जण अर्ध्यावर बसमध्ये बसून परत आले. बाबा कॅनव्हासच्या बुटांत पूर्ण बेचाळीस पळून आले, सत्तावन्नाव्या वर्षी, आणि घरी येऊन म्हणाले की यात काही कठीण नाही, डोक्यावर तर काहीच नसतं.

मग दर जानेवारीत ते पळत राहिले. करोनाची वर्षं सोडली तर खंड नाही. माझी आई, काशी, दर वर्षी शेवटाच्या रेषेच्या पुढे, फुटपाथवर, डबा घेऊन बसायची. शेजारी पिशवी ठेवून बाबांची जागा धरून ठेवायची, आणि कुणी पोलीस उठवायला आला तर सांगायची की माणूस येतोय, जागा धरलीय. नऊ पदकं झाली. घरात मिठाचं फावडं टांगायच्या खिळ्यावर ती नऊही एकावर एक लटकवलेली होती. दहा करतो आणि थांबतो, असं बाबा म्हणाले होते. नववं पदक मिळालं त्याच वर्षी फाल्गुनात आई गेली.

बाबांचं विसरणं त्याआधीच सुरू झालं होतं, पण आई ते झाकून नेत होती. ती गेल्यावर मी त्यांना माझ्याकडे नागावला आणलं. मी अलिबागला ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, नारळाच्या वाडीतल्या दोन खोल्यांत भाड्याने राहते. पनवेलच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, आजाराचं नाव सांगितलं, आणि सांगितलं की हे वाढत जाणार. शरीर उत्तम आहे, चालू द्या, पळू द्या, पण एकटं सोडू नका.

त्या दिवशी पनवेलहून येताना एस.टी.त बाबा पूर्ण शुद्धीत होते. वडखळच्या पुढे त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "मला समजनार न्हाय असं वाटून खोटं सांगू नको, बाय. मी इचारलं तर खरं सांगायचं."

मी हो म्हणाले.

तेव्हापासून ते मला विचारत आले की तुजी आयस कुठं हाय, आणि मी खरं सांगत आले. आई गेली, बाबा. फाल्गुनात. तुम्हीच अग्नी दिलात. दर वेळी ते पहिल्यांदाच ऐकत. दर वेळी त्यांचा खालचा ओठ तसाच थोडा डावीकडे ओढला जाई. मी कुठे, कधी, किती वेळ, हे सरावाच्या वहीत शेवटच्या पानांवर लिहून ठेवत होते. कशासाठी, ते मला सांगता येणार नाही. डिसेंबरअखेर त्रेसष्ट नोंदी होत्या.

माझा भाऊ विपुल उरणला असतो, त्याचे चार ट्रेलर बंदरावर चालतात. तो आला की बाबा त्यालाही विचारत, आणि तो सरळ सांगे की आई नागोठण्याला माहेरी गेलीय, सोमवारी येईल. बाबा हसत, म्हणत, जाऊ दे, तिलाबी इसावा पायजे. मग चहा पीत. मला ते बघवत नसे आणि मी स्वयंपाकघरात जाई. एकदा विपुल मागून आला.

"मृणाली, तुझ्या खऱ्यानं त्यांना रोज नवं सुतक लागतं," तो म्हणाला. "तू पेपर तपासतेस तशी त्यांना तपासतेस. एवढं पण चूक लिहू द्यायचं नाही?"

मी म्हटलं, मी त्यांना शब्द दिलाय. तो म्हणाला की ज्याला दिलास तो माणूस आता कुठे आहे. म्हणून असेल, मी मॅरेथॉनचा अर्ज भरला. दहावं पदक बाबांना आठवत असतानाच मिळावं, एवढीच माझी इच्छा होती. खिळ्यावरची नऊ पदकं ते अजून रोज मोजत आणि म्हणत, एक राहिलंय. ते म्हणणं ज्या दिवशी थांबेल, त्याच्या आधी मला पोचायचं होतं.

ऑगस्टपासून आम्ही सराव केला. नागावला ओहोटीची वाळू रस्त्यासारखी घट्ट असते, पण ओहोटी आपल्या रविवारची वाट बघत नाही. बाबांना वार सांगता येत नसे, सकाळी काय खाल्लं ते सांगता येत नसे. पण मी कॅलेंडर बघून तिथी सांगितली की ते क्षणात भरतीची वेळ सांगत. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा. मी ते छापील तक्त्याशी ताडून पाहायची. फरक दहा-पंधरा मिनिटांचा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पहाटे समुद्र लांब गेलेला असे, तेव्हा आम्ही मोठं अंतर करायचो. बाकीच्या दिवशी बागांमधल्या रस्त्याने.

स्पर्धेला सात तासांची मर्यादा होती. वाटेत नाकेही होते. पस्तीसाव्या किलोमीटरचा नाका पाच तास पन्नास मिनिटांनी बंद होणार होता. मी साडेसहा तासांचा बेत केला. एका किलोमीटरला सव्वानऊ मिनिटं, पहिल्यापासून शेवटपर्यंत तीच. सुरुवातीला गर्दीबरोबर वाहत जायचं नाही, पेडर रोडच्या चढावर चालायचं, उतारावर गुडघे सांभाळायचे. या वेगाने पस्तीसच्या नाक्यावर सव्वीस मिनिटं शिल्लक राहत होती. त्यातली सहा मिनिटं मी बाबांच्या एका सवयीसाठी राखून ठेवली होती.

ती सवय मिठागरातली. तिथला बांध एका माणसापुरता रुंद. डोक्यावर भरलेली पाटी घेऊन येणारा समोर दिसला की रिकाम्या माणसाने खाली चिखलात उतरून त्याला वाट द्यायची. भरलेल्याने थांबायचं नाही. पाटी एकदा उतरवली तर एकट्याला ती पुन्हा डोक्यावर घेता येत नाही. लहानपणी सुट्टीत मी आईबाबांच्या मागून बांधावर चालले आहे. जाताना पाटी भरलेली, तेव्हा बाबा दुडक्या चालीने पुढे निघून जात. येताना रिकामे, तेव्हा मात्र ते पुढे असूनही आईच्या पावलाने चालत. मागे वळून बघत नसत. कान मागे असत.

बाबांच्या डोक्यातून पुष्कळ काही निघून गेलं, हे गेलं नाही. किनाऱ्यावर कुणी पाठीवर बॅग अडकवून समोरून आलं की ते बाजूला होऊन उभे राहायचे. मुंबईत हजारो लोक बॅगा लावून पळणार होते. म्हणून सहा मिनिटं.

शनिवारी आम्ही मांडव्याहून बोटीने गेलो. बाबा वरच्या मजल्यावर रेलिंगपाशी बसले आणि कुठे चाललोय ते मला चार वेळा विचारलं. मी चारही वेळा सांगितलं, आणि चारही वेळा ते म्हणाले, "मग तुजी आयस डबा घेऊन येल ना?" तीन वेळा मी बोटीच्या आवाजाचा आडोसा घेतला. चौथ्या वेळी सांगितलं. गेटवे येईपर्यंत ते पाण्याकडे बघत होते. चौसष्ट.

संध्याकाळी विपुलचा फोन आला. तो शेवटाला येऊन उभा राहणार होता. म्हणाला, "रस्त्यात त्यांनी विचारलं तर सांग, आई शेवटाला बसलीय. वाऱ्यासारखे पळतील." मी म्हटलं, बघू.

पहाटे मी पेज केली. तांदूळ, पाणी, आणि अर्ध्या लिटरला मोजून सव्वा ग्रॅम मीठ. मीठ आमच्या मिठागरातलं होतं, शेवटच्या राशीतलं; आईने एक बरणी ठेवली होती. बाबांनी चव घेतली आणि माझ्याकडे बघितलं. "आपलं हाय," एवढंच म्हणाले. दोन बाटल्या पेज, दोन बाटल्या पाणी, मिठाची पुडी, बँडेज, कोरडे मोजे असं सगळं मी माझ्या बॅगेत भरलं. तीन किलो सहाशे ग्रॅम. बाबांच्या गळ्यात नेहमीचा टॉवेल.

पहिले सव्वीस किलोमीटर मी आखले होते तसेच झाले. अंधारात निघालो तेव्हा चारी बाजूंनी माणसं आम्हाला मागे टाकून गेली आणि बाबा शांतपणे स्वतःच्या पावलात राहिले. बॅग लावलेल्या प्रत्येकाला त्यांनी वाट दिली. एका मुलीने मागे वळून थँक्यू काका म्हटलं तेव्हा ते मला म्हणाले, "नवी दिसते. भरल्यानं बोलायचं नसतं, दम जातो." सागरी सेतूवर उजाडलं. तिथे वारा खारा होता. त्यांनी एकदा खोल श्वास घेतला आणि विचारलं, आज तिथी कंची? मी सांगितली. ते म्हणाले, मग पाणी आता उतरणीला. मी सेतूवरून खाली पाहिलं. खडक उघडे पडत होते.

सव्वीस किलोमीटरला घड्याळात चार तास आणि तीस सेकंद. नेमकं ठरवलं होतं तेवढं. उजव्या मनगटात आठ रबरबँड, डाव्यात सहा.

सत्ताविसावा किलोमीटर बारा मिनिटं एक्केचाळीस सेकंदांत झाला.

मला वाटलं पाय थकले. मी त्यांना पेज दिली, पोटऱ्या दाबून पाहिल्या, कडक नव्हत्या. नाडी एकशे चार, म्हणजे आरामातली. अठ्ठाविसावा बारा अडतीस. एकोणतिसावा बारा चाळीस. मी घड्याळाकडे बघत राहिले. थकलेल्या माणसाचे आकडे असे येत नाहीत. ते घसरतात, मध्येच सावरतात, पुन्हा घसरतात. हे आकडे एका रेषेत होते. बाबा थकले नव्हते. ते कुठल्यातरी वेगाला धरून चालत होते.

मग मला आठवलं. आईचा गुडघा बिघडला तेव्हा हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं होतं की त्या किती चालू शकतात, आणि मी मोजून सांगितलं होतं. मिठागर बंद झालं तरी दोघं रोज संध्याकाळी घरापासून बांधापर्यंत जात. मी घड्याळ लावून मागून चालले होते. दीड किलोमीटरला एकोणीस मिनिटं. म्हणजे एका किलोमीटरला बारा मिनिटं चाळीस सेकंद.

बाबांचं डोकं किंचित डावीकडे कललेलं होतं. नजर समोर, कान मागे.

मी हिशोब केला. हिशोब करताना मला नेहमी बरं वाटतं, तेव्हाही वाटलं. या चालीने पस्तीसचा नाका आम्हाला चार मिनिटांनी चुकणार होता. एका किलोमीटरला पाऊण मिनिट वाचवलं तर मिळणार होता. फक्त पाऊण मिनिट. मी पुढे झाले, वेग थोडा वाढवला, म्हटलं, चला बाबा. ते माझ्याकडे बघून समजूतदारपणे हसले, आणि पावलं तीच ठेवली.

एकतिसाव्याला, वरळीच्या समुद्राच्या बाजूला, ते थांबले. फुटपाथच्या कडेला जाऊन उभे राहिले.

"मागं बघ," ते म्हणाले. "आयस आली का?"

मागे रस्ता जवळजवळ रिकामा झाला होता. दोघंतिघं लंगडत येत होते, आणि त्यांच्याही मागे, लांबवर, मागे राहिलेल्यांना उचलून नेणारी बस दिवे लावून हळूहळू येत होती. खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं ते मला माहीत होतं. ऑक्टोबरात नागावला असंच विचारलं होतं, आणि मी सांगितल्यावर ते वाळूत बसले होते, चाळीस मिनिटं, भरती बुटांपर्यंत येईस्तोवर. खोटं सांगितलं असतं तर ते पळाले असते. विपुलचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. तीन शब्दांचं.

मी यातलं काहीच केलं नाही. त्यांच्या बुटाची नाडी सुटली होती, ती बांधायला खाली बसले. बॅग खांद्यावरून पुढे येत होती म्हणून ती काढून त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, धरा जरा.

नाडी बांधून मी वर बघितलं तर त्यांनी गळ्यातल्या टॉवेलची चुंबळ करून डोक्यावर ठेवली होती आणि चुंबळीवर माझी बॅग. एक हात बॅगेला. दुसरा मोकळा, शरीरापासून थोडा लांब, तोल सांभाळणारा. आणि ते निघाले.

ती चाल मी तीस वर्षांनी बघत होते. गुडघे किंचित वाकलेले, पावलं आखूड आणि भराभर, मान अजिबात न हलणारी. भरलेला माणूस बांधावर थांबत नाही. मी त्यांच्या मागे धावले. बत्तिसावा किलोमीटर दहा मिनिटं वीस सेकंदांत झाला.

मी त्यांना थांबवलं नाही. हे मला लिहून ठेवायला हवं. ती बॅग मला त्याच क्षणी काढून घेता आली असती. पण मी घड्याळ पाहिलं, आणि दहा वीस हा आकडा पाहून मला आनंद झाला. रस्त्याच्या कडेला उभे असलेले लोक टाळ्या वाजवत होते. आजोबा एक नंबर, म्हणत होते, फोन वर करून आमचं चित्रण करत होते. एका बाईने त्यांच्यावर गुलाबाच्या पाकळ्या टाकल्या. मला वाटलं, मी खोटं बोलले नाही. शब्दही राहिला, पदकही मिळेल.

तेहेतीस किलोमीटर. पाच तास अठ्ठावीस मिनिटं. नाक्यापर्यंत दोन किलोमीटर आणि हातात बावीस मिनिटं. आम्हाला एकवीस पुरली असती.

पाण्याची वेळ झाली होती. मी मागून बाटली पुढे केली आणि त्यांनी ती घेतली नाही. ते थांबले नाहीत, वळलेही नाहीत. तोल सांभाळणारा तो मोकळा हात त्यांनी मागे माझ्याकडे लांबवला. तळवा वर.

"काशीची पाटी पन दे," ते म्हणाले. "तिचा गुडघा दुखतो."

मी तो हात बघितला. मनगटात रबरबँड होते, मी चढवलेले. त्यांच्या मानेवरच्या शिरा ताठ झाल्या होत्या आणि कानामागून घामाचा ओघळ येत होता, वाळून पांढरा झालेला. दम लागला होता. एकतीस किलोमीटर न लागलेला दम या दोन किलोमीटरमध्ये लागला होता. बाबा पळत नव्हते. अडुसष्टाव्या वर्षी, भर उन्हात, ते मिठागरात कामावर होते, आणि तिथे त्यांना मी पाठवलं होतं. आणखी एका पाटीसाठी त्यांनी हात पुढे केला होता, आणि तो हात तसाच राहिला.

"बाबा," मी म्हटलं, "पाटी उतरवते."

भरलेली पाटी उतरवायला दुसरं माणूस लागतं. हे शब्द ऐकले की वाहणारा थांबतो. ते थांबले, गुडघ्यांत वाकले, डोळे मिटले. मी दोन्ही हातांनी बॅग उचलली. तीन किलोसुद्धा नव्हती आता. दोन बाटल्या रिकाम्या झाल्या होत्या. पण ती उचलताच त्यांच्या तोंडून जो श्वास सुटला तो पंचवीस किलोचा होता.

"संपल्या फेऱ्या?" त्यांनी विचारलं.

"संपल्या."

त्यांनी चुंबळ सोडून टॉवेल झटकला, तोंड पुसलं, गळ्यात घातला. चार घोट पाणी प्यायले. अकरावा रबरबँड त्यांनी स्वतःच उजव्या हातात सरकवला. मग रिकाम्या हातांनी निघाले, डोकं किंचित डावीकडे कललेलं. मी घड्याळ बंद केलं नाही, पण बघितलंही नाही. बघायची गरज नव्हती. ती चाल मला पाठ होती. मी मात्र या वेळी पुढे गेले नाही. त्यांच्या मागे, दोन पावलांवर, पाय जरा आवाज करत टाकत चालले. चौतिसाव्या किलोमीटरच्या फलकाजवळ त्यांचे खांदे सैल झाले आणि ते गुणगुणायला लागले. ते गाणं नव्हतं, फेऱ्या मोजायचा सूर होता, मिठागरातला.

पस्तीसचा नाका बंद झाला होता. पिवळ्या टी-शर्टातली एक मुलगी दोरी धरून उभी होती. तिने बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली की खूप सॉरी, फक्त चार मिनिटं झाली, पण तिच्या हातात नाही. मी म्हटलं, तुमचं बरोबर आहे. तिने बाबांच्या छातीवरच्या क्रमांकावर काळ्या पेनाने एक रेघ मारली. बाबांनी तिला ती मारू दिली, आणि दोरीच्या बाजूला सरकून उभे राहिले, तिला वाट देत.

मी विपुलला फोन केला. शेवटाला मोठ्याने काहीतरी वाजत होतं. तो ओरडून विचारत होता की कुठपर्यंत आलात. मी सांगितलं. वाजणारं मागे पडलं, तो बाजूला गेला असावा. मग म्हणाला, सांगितलं नाहीस ना तू त्यांना. मी म्हटलं, नाही, काहीच सांगितलं नाही. तो म्हणाला की दहा मिनिटांचंच खोटं होतं, मृणाली. आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्त लागलं.

बस आली. अर्धी भरलेली होती. लोक बूट काढून, डोळे मिटून बसले होते, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. बाबा पायऱ्या चढून एका रिकाम्या बाकापाशी गेले, कडेला बसले, आणि खिडकीकडची जागा मोकळी ठेवली. मी तिथे बॅग ठेवायला गेले. त्यांनी ती उचलून माझ्या हातात परत दिली. मग गळ्यातला टॉवेल काढला, नीट घडी केला आणि त्या जागेवर ठेवला.

पुढच्या थांब्याला आणखी काही जण चढले. बस भरली. एक गृहस्थ, माझ्याच वयाचे, गुडघ्याला बर्फ बांधलेले, बाकांना धरत धरत आमच्यापर्यंत आले. त्यांनी टॉवेलकडे बोट केलं आणि विचारलं की इथे कोणी आहे का.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. डोळे अगदी स्वच्छ होते. नागावला ते तिथी विचारायचे आणि मी काय सांगते त्याची वाट बघायचे, तसे.

"आहे," मी म्हणाले. "जागा धरलीय."

ते गृहस्थ मागे गेले. बाबांनी टॉवेलवरची एक सुरकुती हाताने सारखी केली. बस पेडर रोडचा चढ चढायला लागली, आणि मी दांड्याला धरून उभी राहिले.